मोहोर डिसेंबरात शोधू नका : हापूसवाल्यांनो, या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की माझा फोन तापायला लागतो. "काका, शेजारच्यांची कलमं मोहोरली, आमची नुसती हिरवीगार उभी आहेत. काय मारू?" प्रश्न नेहमी हाच. मी उलट विचारतो, ऑगस्ट-सप्टेंबरात बागेत काय केलंत? मग पलीकडे शांतता.

मोहोर फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून, म्हणजे अंकुरातून फुटतो, म्हणून सगळे डोळ्याकडे बघत बसतात. हुकूम मात्र पानातून सुटतो. जून झालेलं पान आणि 15 ते 18 अंशांपर्यंत उतरलेल्या रात्री, हे जुळलं की पानातलं एफटी नावाचं जनुक जागं होतं. त्यापासून एक छोटं प्रथिन तयार होतं आणि अन्नरसाबरोबर वाहत फांदीच्या टोकाशी पोचतं. असा काहीतरी निरोप पानातून जात असणार, हे रशियातल्या मिखाईल चैलाख्यान यांनी 1930च्या दशकातच ओळखलं आणि त्याला फ्लोरिजेन हे नावही देऊन ठेवलं. तो निरोप म्हणजे हे प्रथिन, हे पक्कं व्हायला 2007 साल उजाडलं.

एफटीच्याच खानदानातलं टीएफएल-1 नावाचं दुसरं जनुक आहे. त्याचं काम नेमकं उलटं, 'फुलू नको, वाढत राहा' असं सांगायचं. दोघांनाही डोळ्यातला साथीदार एकच लागतो, त्यामुळे भाऊबंदकी ठरलेली. एफटीची सरशी झाली तर मोहोर, नाही तर पालवी. बागेत आपण जे काही करतो, ते या भांडणात कुणाची तरी बाजू घेणं असतं. कुणाची, हे ठाऊक नसताना औषधाचा डबा उघडणारे लोक मला सहन होत नाहीत.

कल्टार म्हणजे टॉनिक नव्हे

मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी घालतात त्या पॅक्लोब्युट्राझोल या औषधाला आमच्याकडे सगळे कल्टारच म्हणतात. ते झाडाला 'ताकद' देतं, असा समज का पसरला कोण जाणे. झाडात जिब्रेलिन नावाचं संजीवक असतं. ते पालवीला पुढे रेटतं आणि आंब्यात मोहोराला अडवतं. कल्टार हे जिब्रेलिन तयार होण्याची साखळी मध्येच तोडतं. एवढंच. ते नांगर उचलतं, होडी वल्हवत नाही. वल्हवायला जून पानं आणि थंडी लागतेच.

माझे भावोजी मुंबईची नोकरी संपवून गावी आले. सात-आठ वर्षांची बावीस कलमं आयती हाती आली होती. मी म्हटलं, "भावोजी, दहा वर्षं होईपर्यंत कल्टारचं नाव काढू नका." ते म्हणाले, "अरे, तोवर मी असेन का?" आणि घातलं. शिफारस आहे झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली. यांची झाडं चार मीटरची, म्हणजे झाडामागे 12 मिली पुरे. दुकानदार म्हणाला, "झाड जोमदार आहे, सढळ हाताने घाला." यांनी चहाचा अर्धा कप माप धरलं.

त्या वर्षी थंडी उशिरा आली. नोव्हेंबर संपला तरी मोहोर नाही, तेव्हा भावोजींनी अर्धा-अर्धा कप पुन्हा ओतला. आता हे औषध मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं. नोव्हेंबरात कातळावरची माती कोरडी ठणठणीत, चढणार कसं? ते मातीतच पडून राहिलं, कारण तिथे ते लवकर विरत नाही. जानेवारीत झाडं लदलदून मोहोरली. भावोजींनी माझ्या घरी पेढे पाठवले, सोबत निरोप, "सांग तुझ्या जनुकांना!"

जूनमध्ये पाऊस पडला आणि मातीतलं सगळं झाडात चढलं. नवी पालवी आली ती बोटभर. पानं एकमेकांत कोंबलेली, कोबीचा गड्डा ठेवावा तशी. पुढचा मोहोर आला तो मुठीएवढे घट्ट गुच्छ होऊन. फवारा आत शिरेना, तुडतुडे आणि भुरी यांना मात्र घर मिळालं. आंबा म्हणाल तर दोन पेट्या. पेढे परत मागायचं मनात आलं होतं, पण बहिणीकडे बघून गप्प बसलो.

तीन वर्षं त्या बागेत कल्टार बंद ठेवलं. हलकी छाटणी, शेणखत, उन्हाळ्यात थोडं पाणी, याच्यापलीकडे मी काही केलं नाही. माझी स्वतःची सवय सांगतो. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्हीकडून विस्तार टेपने मोजतो, सरासरी काढतो आणि खडूने बुंध्यावर लिहितो. 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, जमिनीत ओल असताना, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध 25-30 छोटे खड्डे घेऊन द्रावण सारखं वाटतो. गेल्या वर्षी भरपूर धरलेल्या किंवा दुबळ्या झाडाला घालतच नाही. टेप घ्यायचा कंटाळा असेल, त्याने कल्टारही घेऊ नये.

दिवे लावून आंबा मोहोरत नाही

ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यात रात्री दिवे लावतात, आणि ते योग्यच आहे. त्या निवडुंगाला मोठा दिवस लागतो. दिव्यांनी रात्र तोडली की ते बिगर हंगामात फुलतं. आमच्या तालुक्यातल्या एका इंजिनिअर पोराने त्याचा व्हिडिओ पाहिला आणि हापूसच्या तीस झाडांत एलईडीच्या माळा सोडल्या. मी संध्याकाळी गेलो तर गणपतीची आरास वाटावी असा झगमगाट, आणि त्याभोवती किड्यांची जत्रा. "काका, एफटी जनुक प्रकाशावर चालतं, मी वाचलंय," म्हणाला.

वाचलं ते खोटं नव्हतं, पण ते अरॅबिडॉप्सिसबद्दल होतं. मोहरीच्या कुळातलं ते वीतभर रोप प्रयोगशाळांचं लाडकं आहे आणि फुलोऱ्याच्या जनुकांची बरीचशी ओळख त्याच्यावरच झाली. त्याचं एफटी लांब दिवसाने जागं होतं. आंब्याला दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नाही, त्याला थंड रात्र हवी. जिब्रेलिनचंही तेच. त्या रोपाला ते फुलायला मदत करतं. आंबा, सफरचंद, संत्रं यांना फुलण्यापासून रोखतं. जनुक तेच असलं तरी त्याला उठवणारा वेगळा असतो. त्यामुळे 'जनुकामुळे होतं' असं वाक्य कुठेही वाचलंत, तर आधी कुठल्या झाडाचं ते विचारा. पोराने फेब्रुवारीत माळा उतरवल्या आणि विजेचं बिल वडिलांपासून लपवलं.

आता भराभर.

ऑक्टोबरात युरिया आणि भरपूर पाणी देऊ नका. कोवळी पालवी फुटते, आणि कोवळं पान निरोप पाठवण्याइतकं जून होईस्तोवर थंडी सरते.

दसऱ्याच्या तोरणाला डहाळे हवेत तर परसातल्या रायवळचे काढा. हापूसच्या टोकाला हात लावाल तर डोळाही जाईल आणि त्याची पानंही.

नर्सरीत मोहोरलेलं वीतभर कलम बघून हुरळू नका. कलमकाडी मोठ्या, फळणाऱ्या झाडाची असते, म्हणून ती वयाने प्रौढच असते. मुळं तेवढी पोरकट. पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडा. उलट कोयीपासून वाढवलेल्या, अजून न फळलेल्या झाडाची काडी घेऊन कलम बांधाल तर ते आपलं बाळपण संपेपर्यंत फुलणार नाही.

संत्र्याचा ताण, म्हणजे बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी, अर्धवट तोडू नका. ताण आणि थंडी या दोन्हींनी लिंबूवर्गात एफटी वाढतं. चार दिवसांत पानं मलूल झाली म्हणून घाबरून पाणी सोडणाऱ्यांचा बहार विरळच फुटतो.

हिमाचलातून सफरचंदाचं कुठलंही रोप आणून पुण्यात लावू नका. पुरेशी थंडी मिळेपर्यंत त्याच्या डोळ्यांना झोपवून ठेवणारी जनुकं वेगळी असतात. लावायचंच तर ॲना किंवा एचआरएमएन-99 यांसारखी कमी थंडीवर भागणारी जात लावा, आणि काश्मीरची अपेक्षा सोडा.

"आमच्या झाडाचं जनुक खराब आहे का?"

हा प्रश्न मला दर वर्षी किमान दहा जण विचारतात. एका वर्षी धरतं, दुसऱ्या वर्षी नाही, म्हणजे जात बिघडली! अहो, हापूसचं प्रत्येक कलम दुसऱ्या हापूसचीच काडी. जनुकं तीच. एकाच झाडाची पूर्वेकडची बाजू मोहोरते आणि पश्चिमेकडची पालवते, तिथे काय फांदीगणिक जात बदलली? ज्या फांदीने गेल्या हंगामात फळं पोसली, तिच्या पानांत एफटी कमी बोलतं. जपानी संशोधकांनी 2012 साली आंब्यात हे मोजून दाखवलं. शिवाय फळं उशिरा उतरवली की पालवी उशिरा येते, आणि थंडीपर्यंत जून होत नाही. माझा उपाय साधा आहे. आंबा झाडावर लोंबकळत ठेवत नाही, काढणी संपताच बांडगुळं आणि वाळकं काढतो, आणि पाऊस सुरू होताच खत देतो.

दर वर्षी धरणारं झाड हवंच असेल तर जात बदला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात रत्ना तयार झाला, तो 1981 साली लागवडीसाठी आला. नीलमचं नियमितपण त्यात उतरलंय. लोक म्हणतात, चव हापूसची नाही. नाहीच. दोन्ही एकदम मागू नका.

शेवटी पुनर्मोहोर. झाडावर वाटाण्याएवढी कैरी असताना जानेवारीत पुन्हा कडक थंडी पडते, पानं पुन्हा निरोप धाडतात, त्याच काडीवर नवा मोहोर फुटतो आणि कैरी गळते. इथे मात्र जिब्रेलिनला परत बोलवायचं. जिब्रेलिक ॲसिड 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. एक फवारणी पुरेसा मोहोर आल्यावर, दुसरी वाटाण्याएवढी फळं असताना. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. भावोजींनी गेल्या वर्षी ती तशीच पंपात टाकली होती. नोझल उघडून बघितलं तर सगळी जाळीत बसलेली.