मलेशियात दीर्घकाळ राहायचंय? बदललेल्या नियमांनुसार तयारी अशी करा

‘दीड लाख रिंगिटची (रिंगिट म्हणजे मलेशियाचं चलन) ठेव ठेवा आणि दहा वर्षं मलेशियात राहा’ असा निरोप निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अजून फिरतो. तो जुना आहे. ‘मलेशिया माय सेकंड होम’ ही योजना २००२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बरीच वर्षं अटी सोप्या होत्या. २०२१ मध्ये दहा लाख रिंगिटची ठेव आणि दरमहा ४० हजार रिंगिट उत्पन्न अशी अट आली आणि अर्ज आटले. २०२४ मध्ये उत्पन्नाची अट गेली, पण तिच्या जागी घर विकत घेण्याची सक्ती आली. खरी मेख या सक्तीत आहे.

आधी श्रेणी समजून घ्या

योजनेत सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा तीन मुख्य श्रेणी आहेत. सिल्व्हरला दीड लाख अमेरिकी डॉलरची मुदत ठेव लागते आणि व्हिसा पाच वर्षांचा मिळतो. गोल्डला पाच लाख डॉलर आणि पंधरा वर्षं, प्लॅटिनमला दहा लाख डॉलर आणि वीस वर्षं. घराची किमान किंमत अनुक्रमे सहा लाख, दहा लाख आणि वीस लाख रिंगिट. ते घर दहा वर्षं विकता येत नाही. विकायचंच असेल तर त्याहून महाग घर घ्यावं लागतं.

आता सिल्व्हरचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. व्हिसा पाच वर्षांचा, घर मात्र दहा वर्षं अडकलेलं. व्हिसाचं नूतनीकरण होतं हे खरं, पण या योजनेचे नियम किती वेळा बदलले ते वर आलंच आहे. साठीच्या पुढच्या माणसाने या दहा वर्षांचा विचार ठेवीच्या रकमेआधी करावा, असं मला कळकळीने वाटतं.

जोहोर राज्यातल्या फॉरेस्ट सिटीसाठी वेगळी, स्वस्त श्रेणी आहे. तिथे पन्नाशीपुढच्यांना फक्त ३२ हजार डॉलरची ठेव लागते आणि व्हिसा दहा वर्षांचा असतो. मात्र घर तिथेच घ्यावं लागतं. समुद्रात भराव टाकून वसवलेल्या या शहरातले बरेच मजले रिकामे आहेत. आठवडाभर तिथे राहा, संध्याकाळी सातला खाली उतरून दुकानं आणि दवाखाना शोधा, मगच काय ते ठरवा. सारावाक आणि साबा या राज्यांच्या योजना स्वतंत्र आहेत. त्यांच्या अटी इथल्या अटींत मिसळू नका.

एक महिना राहून बघा

भारतीय पासपोर्टवर २०२६ अखेरपर्यंत तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र तेवढं भरायचं. हॉटेलात न उतरता भाड्याची सदनिका घ्या. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये किंवा पेनांगच्या जॉर्जटाउनमध्ये भारतीय किराणा, डाळी, भाजी सगळं मिळतं. तिथली बारमाही दमट हवा आपल्याला सोसते का, हे मात्र स्वतः राहिल्याशिवाय कळत नाही. पन्नाशीच्या आतल्या अर्जदारांवर वर्षाला नव्वद दिवस राहण्याचं बंधन आहे. पन्नाशीपुढच्यांना ते नाही.

एजंट आणि कागदपत्रं

अर्ज मलेशियाच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या एजंटमार्फतच करावा लागतो. परवानाधारकांच्या यादीत नाव स्वतः तपासा. पुण्या-मुंबईतला सल्लागार बहुधा मधला दुवा असतो. त्याचं शुल्क किती आणि तिकडच्या एजंटचं किती, हे वेगवेगळं लिहून घ्या.

पोलिसांकडचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. आपल्याकडे घोळ होतो तो विवाह दाखल्याचा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लग्न झालेल्या अनेक जोडप्यांकडे लग्नपत्रिका आणि फोटो असतात, नोंदणी नसते. त्यातून बाईंचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं पासपोर्टवर आणि बँकेत तिसरंच. पालिकेत विवाह नोंदणी आणि लागल्यास राजपत्रात नावबदल ही कामं सगळ्यात आधी हाती घ्या, कारण त्यांत महिने जातात. आरोग्य विम्याचा हप्ताही आत्ताच विचारून ठेवा, वयाबरोबर तो फार चढतो.

पैसे नेण्याचं गणित

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. सिल्व्हरची ठेव दीड लाख, आणि सहा लाख रिंगिटचं घरही डॉलरमध्ये जवळपास तेवढंच. म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतही एकट्याची मर्यादा ओलांडली जाते. यावर दोन वाटा आहेत. ठेवीची रक्कम मार्चअखेरपूर्वी पाठवायची आणि घराची एप्रिल लागल्यावर, किंवा नवरा-बायको दोघांच्या मर्यादा वापरायच्या. दुसऱ्या वाटेत एक अट आहे. ज्याचे पैसे जातील, त्याचं नाव त्या खात्यावर किंवा घरावर सहमालक म्हणून हवंच. मुलाच्या मर्यादेतून पैसे पाठवून घर फक्त वडिलांच्या नावावर, असं चालत नाही.

वर्षात दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते. दीड लाख डॉलरवर ही कपात वीस लाखांच्या वर जाते. तो जादा कर नव्हे. विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ते पैसे तुमच्या हातात नसतात. म्हणून ती रक्कम वेगळी बाजूला काढा. परदेशात मुदत ठेव ठेवायची आहे हे बँकेला आधी सांगा आणि तिचं उत्तर लेखी घ्या.

हे सगळं अर्जापूर्वी जुळवून ठेवावं. सशर्त मंजुरी आल्यावर ठरलेल्या मुदतीतच ठेव, विमा आणि वैद्यकीय तपासणी पूर्ण करावी लागते.

घर घेताना

व्हिसाचा शिक्का बसल्यावर घरासाठी वर्षभर मिळतं. ठेवीतले निम्म्यापर्यंत पैसे घरासाठी काढता येतात. जमीन हा तिथे राज्यांचा विषय आहे आणि परदेशी खरेदीदारांसाठी प्रत्येक राज्याची स्वतःची किमान किंमत असते. क्वालालंपूरमध्ये ती सर्वसाधारणपणे दहा लाख रिंगिट आहे, त्यामुळे सहा लाखांचं घर कुठे चालेल हे वकिलाकडून पक्कं करून घ्या. परदेशी व्यक्तीने घर घेतल्यास मुद्रांक शुल्क २०२६ पासून ४ वरून ८ टक्के झालं आहे. पुढे विकताना नफ्यावर किमान १० टक्के कर धरून चाला. त्या घरापुरतं मृत्युपत्रही तिथल्याच वकिलाकडून करून घ्या.

गेल्यानंतरची इथली कामं

करासाठी तुम्ही भारताचे सर्वसाधारण निवासी असाल, तर ती ठेव आणि ते घर दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावं लागतं. विसरलात तर दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. नेहमीचा सोपा आयटीआर-१ फॉर्म इथे चालत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला क्वालालंपूरच्या भारतीय उच्चायुक्तालयातूनही मिळतो. जाताना पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत बरोबर असू द्या.