निराधार योजनेचे पैसे थांबले होते, असे सुरू झाले (माझा अनुभव)

आमची मावशी सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत राहते, विड्या वळते. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये अचानक थांबले. अर्ज मंजूर, केवायसी झालेली, पासबुक मात्र कोरं. दोनदा बँकेत, तीनदा कार्यालयात गेलो. "आधार लिंक आहे" एवढंच उत्तर. तेल-डाळीचे भाव बघता हे पैसे थांबणं फार जिवाला लागलं.

खरी गोम अशी: खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली पैसे पाठवण्याची व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेकडे, बँक नोंदणं वेगळं. डीबीटीचे पैसे तिथे सर्वात अलीकडे नोंदलेल्या बँकेतच जातात.

आधी मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' (डीबीटीसाठी कोणती बँक नोंदली आहे ते) पाहिलं. (विड्या वळून मावशीच्या बोटांचे ठसे झिजलेत, म्हणून मोबाईल आधारला जोडलेला असणं महत्त्वाचं.) तिथे जुनी, बंद खात्याची बँक दिसली. मग चालू खात्याच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरला, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहिलं आणि शिक्क्याची पोच घेतली. काही दिवसांनी स्टेटसमध्ये नवी बँक 'ॲक्टिव्ह' दिसली. त्याची प्रिंट, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स तहसीलच्या संजय गांधी शाखेत दिली. पुढच्या हप्त्याला पैसे जमा झाले.