पॉवर ऑटोमेटमध्ये मजकुरातून क्रमांक काढताना या चुका टाळा

पॉवर ऑटोमेट हे मायक्रोसॉफ्टचे कामे आपोआप करून घेण्याचे साधन. त्याच्या क्लाउड फ्लोमधील, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कामांच्या साखळीतील सूत्रांत रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना सांगून मजकूर शोधण्याची पद्धत) चालत नाही. त्यामुळे ईमेलच्या विषयातून खरेदी आदेशाचा क्रमांक (‘पीओ-’ आणि पुढे आठ अंक) काढायचा झाला, की बहुतेक नवशिके ‘इंडेक्सऑफ’ने ‘पीओ-’ची जागा शोधतात, तीत तीन मिळवतात आणि तेथून आठ अक्षरे ‘सबस्ट्रिंग’ने उचलतात. दोन नमुने तपासून लगेच फ्लो सुरू करण्याची ही घाई मला मान्य नाही. शोधलेला मजकूर सापडला नाही, तर ‘इंडेक्सऑफ’ अडत नाही, उणे एक असे उत्तर देते. त्यात तीन मिळवले की दोन होतात आणि फ्लो तिसऱ्या अक्षरापासून हाती येईल ते उचलतो.

एकदा एका पुरवठादाराने आमच्या क्रमांकाऐवजी स्वतःचा विक्री क्रमांक विषयात लिहिला. सुरुवातीला इंग्रजी ‘एस’ आणि आडवी रेघ, म्हणजे नेमकी दोन अक्षरे, आणि पुढे आठच अंक. फ्लोने ते अंक आमचा आदेश क्रमांक म्हणून नोंदवले. रन हिस्टरीत प्रत्येक फेरी यशस्वी दिसत असल्याने शंका आली नाही. महिनाअखेरीस हिशेब जुळेना, तेव्हा प्रत्येक ईमेल उघडून नोंदी तपासाव्या लागल्या.

तेव्हापासून मी जागा मोजत नाही. आडवी रेघ सोडून इतर विरामचिन्हांच्या आणि नव्या ओळींच्या जागी ‘रिप्लेस’ने स्पेस घालून मजकूर स्पेसपाशी ‘स्प्लिट’ करते, म्हणजे तोडते, ‘फिल्टर ॲरे’ने ‘पीओ-’ने सुरू होणारे, नेमके अकरा अक्षरांचे तुकडे ठेवते आणि दुसऱ्या फिल्टरमध्ये शेवटची आठ अक्षरे पूर्णांक आहेत का, हे ‘इझइंट’ने तपासते. एकच तुकडा उरला तर नोंद होते. एकही उरला नाही किंवा दोन उरले, तर ईमेल माणसाकडे जातो. इंग्रजीत ‘डीईपीओ-’ (डेपो) अशा लिहिलेल्या शब्दाच्या पोटातले ‘पीओ-’ही यात आपोआप गळते.

‘कंटेन्स’ आणि ‘रिप्लेस’ लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानतात, ‘इंडेक्सऑफ’ मानत नाही. म्हणून आधी दोन्ही बाजूंना, म्हणजे मजकुराला आणि शोधायच्या शब्दाला, सगळी अक्षरे लहान करणारे ‘टूलोअर’ लावावे.

ईमेलचा मुख्य मजकूर वापरणार असाल, तर तो प्रथम ‘एचटीएमएल टू टेक्स्ट’ या, एचटीएमएलच्या खुणा काढून साधा मजकूर देणाऱ्या क्रियेतून काढावा.

नव्या ओळीच्या जागी स्पेस घालताना सूत्रात बॅकस्लॅश-एन (इतरत्र नव्या ओळीची खूण) लिहून नवी ओळ मिळत नाही. ‘डीकोडयूआरआयकंपोनंट’ला टक्क्याचे चिन्ह, शून्य आणि ‘ए’ द्यावे लागते.

एक्सेलच्या ऑफिस स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एक्सेल फाइलवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, रेग्युलर एक्स्प्रेशन चालते आणि नमुना खरोखर गुंतागुंतीचा असेल तेव्हा मीही तिचा आधार घेते. मात्र ठरलेल्या आठ अंकांसाठी फ्लोला एक्सेल फाइल आणि स्क्रिप्ट अशा आणखी दोन गोष्टींवर अवलंबून ठेवणे मला पटत नाही, कारण कोणी ती फाइल हलवली की फ्लो बंद पडू शकतो.