शेजारी दुकानं-फ्लॅटचा मोठा प्रोजेक्ट येतोय? हरकत कुठे, कधी आणि कशावर घ्यायची

बाजूच्या प्लॉटला पत्रे लागले की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो "हे थांबवा" आणि दुसरा "कोणी ओळखीचा वकील आहे का". वकील नंतर बघू. आधी हे कळलं पाहिजे की महाराष्ट्रात एखाद्या बिल्डिंगचा नकाशा मंजूर करताना शेजारच्यांना बोलवून सुनावणी घ्यायची पद्धतच नाही, फाइल बिल्डरचा आर्किटेक्ट आणि पालिकेचा बांधकाम विभाग यांच्यातच फिरते. तुम्हाला तोंड उघडायला कायद्याने ठेवलेल्या जागा मोजक्या आहेत आणि प्रत्येकीला मुदत आहे, सगळा खेळ तिथेच.

महारेराचा (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) क्यूआर कोड असलेलं होर्डिंग दिसलं म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी बहुतेक मिळून गेलेली असते, कारण त्याशिवाय नोंदणी होत नाही. पण यात एक सोयही आहे. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं पान उघडा, मंजूर नकाशा, टायटल रिपोर्ट (जमीन कोणाची याचा अहवाल), जमिनीवरचे खटले आणि बोजा हे सगळं फुकट बघता येतं. होर्डिंग नसेल तर सर्व्हे नंबर शोधा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, पालिकेतून झोन दाखला (जागा कशाच्या वापरासाठी ठेवलीय त्याचा) घ्या.

आता नकाशात काय बघायचं. सगळ्यात आधी रस्त्याची रुंदी, कारण मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला 2020 पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) रस्त्यावर ठरतो. दाट वस्ती सोडून पुण्यासारख्या महापालिकेतला साधा रहिवासी प्लॉट धरला तर मूळ एफएसआय 1.10, रस्ता 9 मीटरच्या आत असेल तर तिथेच थांबा, 9 ते 12 मीटरला प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) धरून 2 पर्यंत, 30 मीटर आणि वर असेल तर 3 पर्यंत. यावर अ‍ॅन्सिलरी एफएसआय (जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा भागांसाठीचा) वेगळा, घरांना 60 टक्के आणि दुकानं-ऑफिसांना 80 टक्के, म्हणून खाली दुकानं टाकणं बिल्डरला आवडतं त्यात नवल नाही. (मेट्रो स्टेशनजवळचे नियम वेगळे.) नकाशावर रस्ता 18 मीटर आणि टेप घेऊन मोजला तर जागेवर 11, हे सर्रास दिसतं. म्हणून परवानगीत कोणती रुंदी धरली आणि उरलेली जागा पालिकेच्या ताब्यात आहे का, हे लेखी विचारा. मला विचाराल तर सगळ्या अर्जात हा एक प्रश्न सगळ्यात जड.

मग दुकानांच्या बाजूने बघा. रहिवाशांचं पार्किंग आणि दुकानात येणाऱ्यांचं पार्किंग वेगळं दाखवलंय का, मालाचा टेम्पो आत वळतो का रस्त्यावरच उभा राहणार, गेट नेमकं चौकात उघडतंय का. प्लॉट 4 हजार चौरस मीटर किंवा वर असेल तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती सलग आहे का कोपऱ्याकापऱ्यात तुकडे करून दाखवलीय ते पण बघा.

हे कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, राज्याचा नियमच तसा आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहू नका, "अमुक सर्व्हे नंबरचा मंजूर नकाशा, अग्निशमनचा दाखला आणि पार्किंगचा तक्ता" असं नाव घेऊन मागा.

हरकतीच्या जागा आता. प्लॉटवरचं आरक्षण किंवा झोन बदलायचा घाट असेल तर एमआरटीपी कायदा 1966 (राज्याचा नगररचना कायदा) च्या कलम 37 खाली नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना असतो. ही संधी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वाया जाणारी, कारण नोटीस पेपरात कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक अक्षरात येते आणि तो कोपरा कोणी वाचत नाही. झाडं तोडायची असतील तर झाडावर नोटीस चिकटवतात, तिथे फक्त सात दिवस, त्याच दिवशी फोटो काढा आणि वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी द्या.

तिसरी जागा पर्यावरण मंजुरी. बांधकाम 20 हजार चौरस मीटर किंवा वर गेलं की 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे ती लागते, मोजणीत फक्त फ्लॅट नाही, दुकानं पण येतात. जनसुनावणी मात्र अशा इमारतींना नाही. म्हणून पर्यावरण मंजुरीच्या सरकारी 'परिवेश' पोर्टलवर प्रस्ताव शोधा, पाणी कुठून, सांडपाणी कुठे, ट्रॅफिकचं काय हे वाचा आणि मंजुरी व्हायच्या आधीच राज्याच्या तज्ज्ञ समितीला मुद्दे पाठवा, उत्तर येईलच असं नाही पण कागद फाइलला लागतो. मंजुरी झालीच तर एनजीटीत (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण) अपील 30 दिवसांत, योग्य कारण दिलं तर आणखी 60, त्यानंतर दार बंद. पश्चिम विभागाचं बेंच पुण्यातच आहे.

पत्र लिहिताना "गर्दी वाढेल, शांतता भंगेल" हे शेवटी टाका, किंवा नकोच. असं लिहा: "सर्व्हे नं. अमुक येथील प्रस्तावात तळमजल्यावर दुकाने दाखवली आहेत, परंतु माल चढउतारासाठी प्लॉटच्या आत जागा दाखवलेली नाही. जागेवर रस्त्याची रुंदी 11 मीटर आढळते, मोजमापाचे फोटो जोडले आहेत. परवानगीत धरलेली रुंदी व ताब्याची कागदपत्रे द्यावीत." एका पत्रात तीन-चार मुद्दे बास. 200 जणांच्या सह्यांच्या एका पत्रापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची दहा पत्रं बरी, कारण प्रत्येकाला वेगळा आवक क्रमांक पडतो. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, "साहेब साइटवर गेलेत, ठेवून जा" म्हणाले तरी आवक-जावकला जाऊन शिक्का मारून घ्या.

काम सुरू झालं तरी मंजूर नकाशाची कॉपी जपून ठेवा, जोत्याच्या वेळी साइड मार्जिन (इमारत आणि हद्द यांच्यातली मोकळी जागा) बाहेरून डोळ्यांनी पण कळतं, आणि नकाशाबाहेर काही दिसलं तर एमआरटीपीच्या कलम 53 खाली तक्रार करता येते. पर्यावरण मंजुरी असेल तर अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तोही मागून घ्या.