जपानी विस्तव-राखेची जुनी अवजारे ओळखताना या चुका टाळा

जुन्या जपानी घरातला विस्तव एकाच जागी नसे. जमिनीत खोदलेल्या चौकोनी चुलीत, म्हणजे इरोरीत, तो स्वयंपाकासाठी आणि उबेसाठी असे. हिबाची नावाच्या शेगडीत तो हात शेकायला आणि किटलीतले पाणी गरम ठेवायला असे. तंबाखूच्या तबकातल्या वाडग्यात किसेरू नावाची चिमुकल्या तोंडाची चिलीम पेटवण्यापुरता एखादाच निखारा असे. आणि चहाच्या विधीत तर निखाऱ्यांसाठी राखेची घाटदार बैठक तयार केली जाई. प्रत्येक ठिकाणचा चिमटा वेगळा, फावडे वेगळे आणि राख सारखी करण्याचे साधनही वेगळे. क्योतोत राहत असताना मी ही अवजारे जमवू लागलो आणि तेव्हापासून ओळखीचे लोक मला फोटो पाठवून ‘हे काय असावे?’ असे विचारतात. बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेले असते, माझा फक्त होकार हवा असतो. त्याच त्या चुका पाहून कंटाळा आला, म्हणून हे लिहितो आहे.

पाते पाहणे आणि मूठ विसरणे

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त लिहिण्याचा मला हक्क आहे. क्योतोच्या तो-जी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. तिथल्या एका टोपलीत, गंजलेल्या चमच्यांच्या आणि कुलपांच्या ढिगात, मला राखेचा एक चमचा मिळाला. त्याला हाइसाजी म्हणतात. पाते तांब्याचे होते, काळपट पण शाबूत. दांडीवर मात्र कसले तरी तपकिरी, कागदासारखे साल गुंडाळलेले होते आणि ते दोन ठिकाणी उसवले होते. मला वाटले, मूठ भाजते म्हणून कुणी तरी घरगुती जुगाड केला असावा. त्याच संध्याकाळी मी ते साल सोलून टाकले, घरून नेलेल्या चिंचेने आणि मिठाने चमचा दांडीसकट लख्ख घासला आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

काही आठवड्यांनी तो चमचा मी चहाचा विधी शिकवणाऱ्या एका वृद्ध बाईंना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उघड्या दांडीवरून अंगठा फिरवला आणि एवढेच विचारले, “साल कुठे गेले?”

ते बांबूच्या कोंबावरचे साल होते आणि ते मुळापासूनच तिथे असायला हवे होते. चहाच्या विधीत मे ते ऑक्टोबर या काळात फुरो, म्हणजे उचलून ठेवता येणारी शेगडी वापरतात; नोव्हेंबर ते एप्रिल या काळात रो, म्हणजे जमिनीत बसवलेली चौकोनी चूल उघडतात. फुरोचा हाइसाजी लहान असतो आणि त्याच्या दांडीवर बांबूचे साल गुंडाळलेले असते; रोचा मोठा असतो आणि त्याला लाकडी मूठ असते. चमचा कोणत्या ऋतूचा हे सांगणारी सर्वांत सोपी खूण मी कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, आणि तांब्यावर कित्येक वर्षांत चढलेला रंग चिंचेने पाच मिनिटांत उतरवला होता. बाईंनी दुसरा शब्द काढला नाही; त्यांनी रागावले असते तर बरे वाटले असते.

विस्तवाच्या चिमट्यांनाही, म्हणजे हिबाशीलाही, हाच नियम लागू पडतो. हिबाशी म्हणजे धातूच्या दोन काड्या. विधीतली फुरोची जोडी सबंध धातूची असते, तर रोच्या जोडीला लाकडी मुठी असतात. घरगुती हिबाचीतल्या जोडीच्या काड्या पुष्कळदा वरच्या टोकाला कडीने किंवा साखळीने जोडलेल्या असतात. इथे एक खड्डा आहे. जपानी आचारी ताटात पदार्थ मांडण्यासाठी मोरिबाशी नावाच्या काड्या वापरतात. त्यांनाही लाकडी मूठ आणि धातूची काडी असते, आणि विकणारा त्या बिनदिक्कत चहाच्या विधीतल्या म्हणून खपवतो. टोके पाहावीत. निखाऱ्यात वावरलेली टोके काळवंडलेली, किंचित खडबडीत आणि कधी कधी वरच्या भागापेक्षा झिजून बारीक झालेली असतात; आचाऱ्याची टोके निमुळती, गुळगुळीत आणि स्वच्छ राहतात.

नवी वस्तू घरी आली की ती महिनाभर फळीवर ठेवायची, पाणी नाही, तेल नाही, चिंच तर नाहीच, अशी सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली आहे. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे. ज्यांना रविवारी घेतलेली वस्तू सोमवारी चकचकीत करून भिंतीवर टांगायची घाई असते, त्यांनी सरळ नवे पितळ विकत घ्यावे.

चकमकीच्या पोलादाला खरवडणी समजणे

तळहाताएवढी लाकडी फळी आणि तिच्या एका कडेत बसवलेली पोलादाची पट्टी अशा वस्तूचा फोटो आला की सोबतचा मजकूर मला पाठ असतो: ‘कातडे खरवडण्याचे हत्यार’, ‘पीठ कापायची पट्टी’, एकदा तर ‘लहान मुलांचा सुरा’. ते हिउचिगाने असते, म्हणजे आपल्या चकमकीतले पोलाद. खरवडणीच्या किंवा सुरीच्या पात्याला धार काढलेली, म्हणजे कडेकडे उतरत गेलेली असते. हिउचिगानेची कड जाड आणि बोथट असते, आणि खूप वापर झाला असेल तर मधोमध किंचित खोलगट झिजलेली दिसते. ती झीज समजून घ्यायची असेल तर ठिणगी कशी पडते हे माहीत हवे. ठिणगी दगडाची नसते. कठीण दगडाची धारदार कड पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढते आणि तो कण हवेत पेट घेतो. म्हणजे प्रत्येक ठिणगीगणिक पोलाद झिजत जाते.

म्हणूनच सोबतचा दगड युरोपातल्या काळ्या चकमकीसारखा दिसत नाही, सबब तो बनावट, हा निष्कर्ष घाईचा आहे. जपानात गारगोटी, चर्ट आणि अकीक असे दगड वापरले जात. पोलादापेक्षा कठीण आणि कडा धारदार, एवढे पुरे होते. ठिणगी पाडून खात्री करून घेण्याचा मोह आवरावा. घराला लागलेल्या आगीत सापडलेल्या पोलादाचे पाणी उतरलेले असते आणि ते ठिणगी देत नाही, पण म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट कालच तयार झालेले पोलाद झकास ठिणग्या टाकते.

आणि कालच तयार झालेले पोलाद बाजारात खरोखर असते. शिमिझु माकोतो यांनी १८७५ मध्ये जपानात आगपेट्या बनवायला सुरुवात केली, त्यानंतर चकमक घरातून हळूहळू हटली हे खरे. पण कामाला निघालेल्या माणसाच्या पाठीमागून, सारे सुखरूप व्हावे म्हणून, ठिणग्या पाडण्याची किरिबी ही चाल काही ठिकाणी आजही पाळतात. गुन्मा प्रांतातले योशिई हे गाव एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या शोगुनांच्या राजवटीत, या पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि त्याचे नाव आजही नव्या मालावर दिसते. तेवढे नाव वाचून वस्तू दोनशे वर्षांची ठरवू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात

हिबाची ही मांस भाजायची जाळी नव्हे. ती अमेरिकेतली समजूत आहे. राखेत रोवलेली तीन पायांची लोखंडी कडी म्हणजे गोतोकु, किटली ठेवायची तिवई. पाय वर दिसले म्हणून ती उलटी बसवली आहे असे समजू नये, दोन्ही रीती चालतात. हाइनाराशीच्या दातेरी पितळी पात्याला फणी म्हणू नये. ते राख सारखी करून तिच्यावर रेघा ओढण्यासाठी असते. लाकडी दांड्याचे जूनो हे केराचे सुपडे नसून निखारे वाहून नेण्याचे फावडे आहे. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे मडके लोणच्याची बरणी समजून कुणी त्यात लिंबू घालू नये. ते हिकेशित्सुबो असू शकते, ज्यात जळते कोळसे कोंडून विझवत आणि पुन्हा वापरत. तंबाखूच्या तबकातली बांबूची उभी नळी फुलदाणी नाही, राख झाडायचे भांडे आहे. इरोरीवरच्या टांगत्या आकड्याला, म्हणजे जिझाइकागीला, आडवा बसवलेला लाकडी मासा सुटा विकला जातो तेव्हा मला वाईट वाटते, कारण तो तिरपा झाला की घर्षणाने दांडा जागीच अडकतो आणि किटलीची उंची ठरते. मासा पाण्यातला, म्हणून तो आगीपासून घर राखतो, असेही मानत.

हिमेजीचे म्योचिन घराणे पूर्वी चिलखते घडवी आणि पुढे हिबाशीकडे वळले. त्यांच्या काड्या एकमेकींवर आपटल्या की सुरेख निनादतात, आणि आज त्यांच्यापासून वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा करतात. पण निनादणारी प्रत्येक काडी म्योचिनची नसते.

राहता राहिली राख. जुनी हिबाची घेतल्यावर पहिल्याच दिवशी आतली राख मोरीत ओतणाऱ्यांशी माझे जमत नाही. चहाच्या विधीतले लोक राख चाळतात, उन्हाळ्यात धुऊन वाळवतात आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. आपण निदान नाकावर कापड बांधून, बारीक चाळणीने, वर्तमानपत्रावर चाळून घ्यावी. एका लांबट, खणांच्या हिबाचीतली राख मी अशी चाळली, तेव्हा चाळणीत चार खिळे, गोतोकुचा एक मोडका पाय आणि पितळी हिबाशीची एकच काडी उरली.