पर्ल मॉड्यूलला पॅच पाठवायचाय? तीन ओळींसाठी दोन रविवार जाऊ नयेत म्हणून

सोलापुरात चादर-टॉवेलच्या एका व्यापाऱ्याची बिलं मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत काढून देतो. आकड्यांत स्वल्पविराम घालणारं मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, १,००,००० ऐवजी १००,००० छापायचं. शेट म्हणाले, "हे लाख हाय का दहा लाख?" दुरुस्ती, म्हणजे पॅच, तीन ओळींची होती, ती लेखकाला पाठवण्यात दोन रविवार गेले.

आधी कोड शोधा. सीपॅन ही पर्ल मॉड्यूलांची सार्वजनिक साठवण. ती चाळायच्या मेटासीपॅन या साइटवर मॉड्यूलच्या पानावर रिपॉझिटरीचा, म्हणजे लेखक कोड ठेवतो त्या जागेचा, दुवा असतो. लेखकाने दिला नसेल तर नसतो. सीपॅन १९९५ची, रिपॉझिटरी सांभाळणारं गिट २००५चं, त्यामुळे जुन्या मॉड्यूलांचं असं होणारच. मग सीपॅनवरची टारबॉल, म्हणजे मॉड्यूलची गुंडाळलेली फाइलच उतरवा, मूळ आणि दुरुस्त अशा दोन प्रतींचा डिफ (फरकाची यादी) काढा आणि आरटी या सीपॅनच्या तक्रार-नोंदीच्या साइटवर तिकीट उघडून जोडा.

रिपॉझिटरी मिळाली तरी खरी अडचण पुढेच. मॉड्यूल बांधायची मेकफाइल-पीएल ही फाइल नाही, नुसती डिस्ट-आयएनआय दिसली, तर लेखक डिस्ट-झिला हे मॉड्यूल सीपॅनसाठी तयार करणारं साधन वापरतो. ते बसवायला गेलात की मॉड्यूलांची रांग लागते, वर लेखकाचे स्वतःचे प्लगइन. माझा पहिला रविवार तिथेच गेला. बसवू नका. निव्वळ पर्लचं मॉड्यूल असेल तर चाचण्या चालवणाऱ्या प्रूव्हला एल पर्याय (-l) द्या, चाचण्या बहुधा तशाच चालतात. एक्सएस, म्हणजे सीमधला भाग असेल, तर टारबॉल घ्या. तिच्यात मेकफाइल-पीएल तयार मिळते. त्यात बदल करून तपासा, मग तोच बदल रिपॉझिटरीत हाताने करा. डिस्ट-झिला आवृत्ती आणि दस्तऐवज मध्ये घुसवू शकतं, त्यामुळे ओळींचे क्रमांक जुळतीलच असं नाही. लागणारी मॉड्यूलं लोकल-लिबमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, ठेवा. सिस्टिमच्या पर्लला हात लावू नका.

चाचण्यांच्या टी फोल्डरमध्ये आधी नापास होणारी चाचणी लिहा, दुरुस्ती नंतर. मॉड्यूल पर्ल ५.८ वर चालतं म्हणत असेल तर दोन तिरक्या रेघांचा ऑपरेटर (//) नको, तो ५.१० मध्ये आला. मी घातला होता. दुसरा रविवार त्यात. कोडची मांडणी नीटनेटकी करणारं परटायडी सगळ्या फाइलवर फिरवू नका, आवृत्ती क्रमांक लेखकावर सोडा.

उत्तर महिनोन्महिने येत नाही, असंही होतं. मॉड्यूलच्या परवानग्यांच्या यादीत अ‍ॅडॉप्टमी हे नाव दिसलं, तर मॉड्यूल दत्तक, म्हणजे स्वतः सांभाळायला, घेता येतं. तोवर दुरुस्त प्रत लोकल-लिबमध्ये ठेवून वापरा. माझा पॅच अजून पडूनच आहे. शेटची बिलं मात्र लाखात छापतात.