किचनची कपाटं स्वतः बनवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त प्लाय वाया जातो तो ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण 12.7 मिमी जागा लागते, म्हणून ड्रॉवर कपाटाच्या खोक्याच्या आतल्या मापापेक्षा 26 मिमी लहान ठेवतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. सनमायका मात्र हिशेबात धरायचा राहतो.

600 मिमीचा खोका घ्या. 18 मिमी प्लायच्या दोन बाजू वजा जाता आत 564 उरले, म्हणून ड्रॉवर 538 चा कापला. मग खोक्याला आतून 0.8 चा सनमायका चढला आणि ड्रॉवरला बाहेरून 1 मिमीचा. आता आत 562.4 आणि ड्रॉवर 540. हवी होती 26 मिमी जागा, उरली 22.4. चॅनेल त्यात बसत नाही. ठोकून बसवला तर ड्रॉवर अर्ध्यात अडतो आणि ओढाताणीत चॅनेलच्या गोळ्या निसटतात. सनमायका लावलेल्या बाजूवर रंधा चालवता येत नाही, ड्रॉवर नवाच करावा लागतो.

म्हणून सगळी मापं कागदावर काढून एकाच दिवशी सगळा प्लाय कापायची घाई मला अजिबात पटत नाही. आधी खोका सनमायकासकट जोडा. दोन्ही कर्ण मोजा, ते जुळल्यावरच मागचा 6 मिमी प्लाय ठोका. मग आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा, सर्वांत कमी भरेल त्यातून 26 आणि ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंच्या सनमायकाची जाडी वजा करा. शंका असेल तर 1 मिमी कमीच कापा. सैल ड्रॉवरच्या चॅनेलमागे सनमायकाचा तुकडा सारता येतो, घट्ट ड्रॉवरला इलाज नाही.

दुसरी चूक पाण्याची. सिंकखाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको. आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेलाच प्लाय घ्या, दुकानदाराच्या तोंडच्या ‘वॉटरप्रूफ’वर जाऊ नका. पण चांगल्या प्लायच्याही उघड्या कडा पाणी पितात. खालची कड दिसत नाही म्हणून एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावत नाहीत, पाइपची भोकं तशीच सोडतात. या सगळ्या कडा सील करा आणि खोका 100 मिमीच्या पीव्हीसी पायांवर उभा करा. थेट फरशीवर ठेवलेला खोका रोजच्या पोछ्यानेच फुगतो.

प्लायच्या कडेत 3 मिमीचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका, थर फाटतात. जिप्सम बोर्डसाठीचे काळे स्क्रू इथे नकोत, ते ठिसूळ असतात. हिंजचा (बिजागरीचा) 35 मिमीचा गोल कप शटरमध्ये, म्हणजे कपाटाच्या दारात, बसतो; त्याच्या भोकाला 12 मिमी खोली पुरते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. शटरला सनमायका दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूचा लावला की शटर वाकतं.

हिंजचे स्क्रू फिरवून शटरमधल्या 3 मिमीच्या फटी जुळवायच्या त्या ओट्याचा दगड बसल्यावरच. वजन आलं की खोके किंचित हलतात आणि आधी केलेली जुळवाजुळव परत करावी लागते.